थोर वादक कोणाला म्हणावे?
आमच्या भोर-वेल्ह्याकडे जत्रेचा ढोल घुमू लागला की थोर तालवादक कोण, हा जुना वाद माझ्या मनात उभा राहतो. अल्लारखाँ आणि अमेरिकन जॅझमधले बडी रिच यांची एकत्र ध्वनिमुद्रिका १९६८ साली निघाली. ती ऐकताना आपण वेगच मोजत बसतो. पण वेग म्हणजे थोरपण काय? उस्ताद अहमदजान थिरकवा एकल वादनाचे बादशहा. तरी गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला बसले की ठेका असा धरीत, की गाणेच फुलून यावे. वेल्ह्याचा ढोलकरी तरी निराळे काय करतो? त्याच्या ठोक्यावर लेझमीचे सारे रिंगण पाऊल टाकते. दुसऱ्याला लय देतो, तो थोर. वाचकहो, आपला कौल कोणाला?