भाडेकरू, भोगवटादार आणि संमती : मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींविषयक कायदेबदलांची चिकित्सा

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील जुन्या चाळींचा प्रश्न सामान्यतः 'पुनर्विकासाचा प्रश्न' म्हणून चर्चिला जातो. चर्चेचा सगळा भर चटई क्षेत्र किती वाढले, नवी सदनिका किती चौरस फुटांची मिळणार, विकासक कोण, या बाबींवर असतो. वस्तुतः हा प्रश्न प्रथम कायद्याच्या भाषेचा आहे. चाळीतील एकाच खोलीत राहणाऱ्या एकाच कुटुंबाकडे तीन कायदे तीन दृष्टींनी पाहतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार ते 'भाडेकरू' आहे. महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियम, 1976 (म्हाडा अधिनियम) त्याला 'भोगवटादार' म्हणतो. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीच्या लेखी ते एक संमतिपत्र आणि काही चौरस मीटर क्षेत्र असते. पहिल्या नावाला हक्क चिकटलेले आहेत, दुसऱ्याला संरक्षण, आणि तिसऱ्याला केवळ मोजमाप. गेल्या चार दशकांतील प्रत्येक दुरुस्तीने हे कुटुंब पहिल्या नावाकडून तिसऱ्याकडे सरकत गेले आहे. डिसेंबर 2025 च्या नागपूर अधिवेशनात पागडी पद्धतीच्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी स्वतंत्र नियमावली आणण्याची घोषणा उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी केली. त्या पार्श्वभूमीवर या स्थित्यंतराची चिकित्सा अगत्याची ठरते.

पूर्वपीठिका

मुंबई भाडे नियंत्रण कायदा, 1947 ने 1 सप्टेंबर 1940 रोजीचे भाडे हे प्रमाण भाडे मानले. युद्धोत्तर टंचाई आणि फाळणीनंतरचे स्थलांतर यांच्या काळात तो निर्णय समर्थनीय होता. परंतु गोठलेले भाडे दशकानुदशके तसेच राहिले आणि मालकांचा दुरुस्तीतील रस संपला. ही पोकळी भरून काढण्यासाठी 1969 मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. शहर विभागातील जुन्या इमारतींवर उपकर बसवावा आणि त्यातून मंडळाने दुरुस्ती करावी, अशी ही योजना. त्या वेळी 19,642 इमारती उपकरप्राप्त ठरल्या; पैकी 16,502 इमारती 1940 पूर्वीच्या म्हणजे 'अ' वर्गातील, 1,489 'ब' वर्गातील व 1,651 'क' वर्गातील होत्या. आज त्यांतील सुमारे 13 हजार उरल्या आहेत. पुढे 1976 च्या अधिनियमात ही व्यवस्था समाविष्ट झाली.

भाडे कायद्यात बदल घडवून आणला तो न्यायालयाने. मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले. मात्र कायद्याची मुदत मार्च 1998 अखेर संपणार असल्याने त्या रद्द केल्या नाहीत. त्यानंतर आलेला 1999 चा अधिनियम 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्याने वर्षाला 4 टक्के भाडेवाढ मान्य केली आणि भाड्याने दिलेल्या घराचा हक्क कुटुंबातील सहनिवासी सदस्याकडे जाण्याची सोय कायम ठेवली. सर्वांत लक्षणीय म्हणजे कलम 56 अन्वये, 1947 च्या कायद्यात गुन्हा असलेली पागडी वैध केली. भाडेहक्क सोडताना वा हस्तांतरित करताना भाडेकरूला मोबदला घेता येतो आणि त्या हस्तांतरास संमती देण्यासाठी मालकालाही. म्हणजे भाडेकरूच्या हक्काला बाजारमूल्य आहे, हे विधिमंडळाने मान्य केले. पुढील विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल, कारण पुनर्विकासाच्या कायद्यात तिचा मागमूसही आढळत नाही.

एकाच अधिनियमातील दोन हिशेब

म्हाडा अधिनियमात 1986 साली प्रकरण आठ-अ घालण्यात आले. 70 टक्के भोगवटादारांनी सहकारी संस्था स्थापून मागणी केल्यास शासनाने इमारत व जमीन संपादित करून ती संस्थेला द्यावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यावी, अशी ही तरतूद. मालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिले. ते प्रकरण 2002 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेले आणि 5 नोव्हेंबर 2024 रोजी त्या पीठाने निर्णय दिला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही घटनेच्या अनुच्छेद 39(ख) मधील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही, असे बहुमताने सांगण्यात आले. प्रकरण आठ-अ वैध की अवैध, हा मूळ प्रश्न मात्र त्या पीठापुढे नव्हता; त्याच्यापुढे केवळ घटनात्मक संदर्भ होता. गिरगावातील एखाद्या चाळीतील भाडेकरूने निकालपत्र उघडून 'मग आमच्या इमारतीचे काय?' असे विचारले, तर त्याला तेथे उत्तर सापडणार नाही.

दरम्यान विधिमंडळाने 2020 मध्ये त्याच अधिनियमात कलम 79-अ व 91-अ यांची भर घातली. डिसेंबर 2022 मध्ये तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. 79-अ ची रचना अशी : महापालिकेने वा सक्षम प्राधिकाऱ्याने इमारत धोकादायक घोषित केली, की मालकाने सहा महिन्यांत 51 टक्के भोगवटादारांच्या संमतीसह प्रस्ताव द्यावा, त्याने न दिल्यास भोगवटादारांच्या नियोजित संस्थेला सहा महिने, तेही न झाल्यास म्हाडाने मालमत्ता संपादित करून पुनर्विकास करावा. मालकाला रेडीरेकनरनुसार जमिनीच्या मूल्याच्या 25 टक्के वा विक्रीयोग्य बांधकामाच्या 15 टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते मिळावे. (मालकाला व भाडेकरूंना सहा-सहा महिने देणाऱ्या या दुरुस्तीला स्वतःची संमती मिळण्यास दोन वर्षे लागली, हे विसरता येत नाही.)

येथे विसंगती स्पष्ट दिसते. एकाच अधिनियमातील एका प्रकरणात मालकाच्या जमिनीचे मोल शंभर महिन्यांचे भाडे आहे, तर दुसऱ्यात बाजारभावाशी जोडलेला अंश. नवी तरतूद आणताना जुनी काढण्यात आली नाही, तिच्याशी सुसंगत करण्यात आली नाही. पण मालकाच्या हक्काचे मोल शंभर पट भाड्यावरून रेडीरेकनरपर्यंत पोहोचले, ही प्रगतीच होय. प्रश्न असा की, कलम 56 ने मान्य केलेले भाडेकरूच्या हक्काचे मोल या प्रवासात कोठे गेले? 79-अ त मालकाच्या मोबदल्याचे सूत्र आहे. भाडेकरूला पुनर्वसनाची सदनिका आहे, पण जो भाडेकरू परत येऊ इच्छित नाही वा येऊ शकत नाही, त्याच्या हक्काचे मूल्य ठरविणारे सूत्र नाही.

'अपरिवर्तनीय' हे विशेषण

विनियम 33(7) खालील पुनर्विकासासाठी भोगवटादारांची संमती 'अपरिवर्तनीय' आणि लेखी असावी लागते. तिचे प्रमाण पूर्वी 70 टक्के होते, आता 51 आहे. ही घट सकारण आहे. मूठभरांच्या नकारामुळे संपूर्ण इमारत अडकून पडते आणि धोका मात्र सर्वांच्या डोक्यावर राहतो. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. जुलै 2020 मध्ये फोर्टमधील भानुशाली इमारतीचा भाग कोसळला. अशा घटनांनंतर 70 टक्क्यांचा आग्रह धरणे कठीण आहे.

तथापि आक्षेप टक्केवारीला नसून त्या विशेषणाला आहे. भोगवटादाराने एकदा दिलेली संमती मागे घेता येत नाही. म्हाडा अधिनियमाच्या कलम 95-अ नुसार आवश्यक संमतीनंतर ना-हरकत प्रमाणपत्र मिळाले, की जागा रिकामी करणे सर्वांवर बंधनकारक होते आणि नकार देणाऱ्यास संक्षिप्त कार्यवाहीने निष्कासित करता येते. त्याच कलमाच्या परंतुकात प्रमाणपत्रधारकाने सर्वांना तात्पुरती पर्यायी जागा द्यावी, असेही म्हटले आहे. भोगवटादाराची बाजू अपरिवर्तनीय आहे आणि तिच्यामागे निष्कासनाचे बळ आहे. विकासकाची बाजू केवळ 'बंधनकारक' आहे. संक्रमण काळातील भाडे थांबले, काम रखडले, तर दिलेली संमती निष्प्रभ होते, असे कोठेही म्हटलेले नाही. जुने घर पाडले गेलेले असते. संमतिपत्र तेवढे शिल्लक असते.

91-अ हे कलम याच अनुभवातून आले. काम अर्धवट सोडलेले, भाडे थकविलेले वा प्रमाणपत्र मिळूनही वेळेत सुरू न केलेले प्रकल्प म्हाडाने ताब्यात घ्यावेत, ही त्याची योजना स्वागतार्ह आहे. परंतु ती सक्रिय करण्याची किल्ली म्हाडाच्या हाती आहे, भोगवटादारांच्या नाही. ज्या 51 टक्क्यांनी विकासकाला प्रकल्प दिला, त्याच 51 टक्क्यांना तो काढून घेण्याचा अधिकार का नसावा, याचे उत्तर दुरुस्तीच्या रचनेत सापडत नाही. पर्यायी निवाऱ्याची प्रतीक्षा संक्रमण शिबिरांत पिढी उलटेपर्यंत लांबलेली कुटुंबे आणि म्हाडाची बृहत् सूची ही या उणिवेची दृश्य रूपे आहेत.

'धोकादायक' या शब्दाची गतही अशीच आहे. 79-अ चे दार त्याच शब्दाने उघडते. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कलमाखाली बजावलेल्या 935 नोटिसांबाबत म्हाडावर कठोर ताशेरे ओढले. नोटिसा काढणारे कार्यकारी अभियंते हे कायद्याला अभिप्रेत असलेले सक्षम प्राधिकारी आहेत काय, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. इमारत धोकादायक ठरणे काहींना लाभदायक असते, म्हणून ते ठरविणारा कोण, हा तांत्रिक प्रश्न राहत नाही.

चटईबाहेरचे घर

शासकीय मराठीत एफएसआयला 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणतात. प्रत्यक्षात हा निर्देशांक बांधीव क्षेत्र मोजतो, चटईपुरते क्षेत्र नव्हे. भाषांतराची ही चूक रूढ झाली आणि सामान्य भाडेकरू आजही दोन्ही संज्ञांत गोंधळतो. तिच्याहून मोठी उणीव मात्र मोजमापातच आहे. 33(7) खाली निवासी भोगवटादारास किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्र मिळते. जुन्या खोलीपेक्षा ते अधिक असते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु चाळीतील घर खोलीच्या भिंतींपाशी संपत नसे. सामाईक सज्जा, मधला चौक, जिन्याची पायरी यांचा उपयोग घराचा भाग म्हणूनच होई. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सव भरतो, तो काही कोणाच्या चटई क्षेत्रात नव्हे. भाडे कायद्यात सामाईक सोयींना निदान 'अत्यावश्यक सेवा' म्हणून काही स्थान आहे. पुनर्विकासाच्या नियमावलीत चौकाचे रूपांतर पार्किंगच्या आकड्यात होते.

देखभालीचे गणित याहून रोकडे आहे. विकासकाने दहा वर्षांच्या देखभालीसाठी निधी उभारावा, अशी तरतूद आहे. अकराव्या वर्षी उद्वाहन, पंप, मालमत्ता कर यांचा भार गिरणीतून निवृत्त झालेल्या वडिलांच्या मुलावर येतो आणि तोपर्यंत तो 'भाडेकरू' राहिलेला नसतो. सदनिका विकून तो विरार वा बदलापूरकडे गेला, तर कायद्याच्या दृष्टीने तो स्वेच्छेने गेला.

पागडी नियमावलीची कसोटी

घोषित पागडी नियमावलीत भाडेकरूला त्याच्या ताब्यातील क्षेत्राइतके आणि मालकाला जमिनीच्या मालकीनुसार चटई क्षेत्र देण्याची कल्पना मांडण्यात आली. मालक-भाडेकरू वादाची कोंडी फोडण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न असू शकतो. पण नियमावली हे नगररचना कायद्याखालील दुय्यम विधान असते. तिला 1999 च्या अधिनियमातील हक्क कमी करता येत नाहीत आणि वाढविताही येत नाहीत. पागडी दिलेला भाडेकरू आणि केवळ भाडे भरत आलेला भाडेकरू यांत कलम 56 नुसार व्यवहारात फरक पडतो. क्षेत्राच्या सूत्रात तो कसा उतरवायचा, हे मूळ अधिनियमाला हात लावल्याशिवाय ठरणार नाही. शहा रतनसी खिमजी प्रकरणात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इमारत पाडली गेली म्हणून भाडेहक्क आपोआप संपत नाही, असा निर्वाळा दिला. इमारत पडल्यापासून नवी उभी राहीपर्यंतच्या काळात भाडेकरू हा भाडेकरूच असतो, हे तत्त्व त्यातून निघते. ते भाडे अधिनियमात एका पोटकलमाने नोंदवावे, संक्रमण भाडे थकल्यास संमती निष्प्रभ व्हावी, आणि 95-अ खालील निष्कासन हे पर्यायी जागेचा प्रत्यक्ष ताबा दिल्यानंतरच व्हावे, एवढ्या तीन ओळींसाठी विधेयकच लागेल. नियमावली पुरणार नाही.