ट्रॅकमागे धावणारा ठेका

रंगमंचावर आधी ध्वनिमुद्रित केलेला ट्रॅक वाजवावा की नाही, हा वाद आता संपल्यात जमा आहे. बारा व्हायोलिनं परवडत नाहीत म्हणून गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा ट्रॅक वापरतो आणि परवडत असूनही जगातले मोठमोठे बँड तो वापरतात. प्रश्न उरतो तो लयीचा. गाणं मध्येच संथ झालं, शेवटाकडे चढलं, तर ट्रॅकने काय करायचं? आधी ठरवून बदललेली लय सॉफ्टवेअर आज बिनचूक सांभाळतं. आयत्या वेळी कलाकारांच्या अंगात येते ती लय मात्र अजून पुरती त्याच्या हाती लागलेली नाही.

दुखणं जुनं आहे. ब्रिटनच्या ‘द हू’ या बँडने १९७१ च्या ‘हूज नेक्स्ट’मध्ये यंत्राच्या सुरावटींवर गाणी उभी केली आणि मंचावर त्या टेपवरून वाजवायला सुरुवात केली. कीथ मूनसारखा मोकाट ड्रमर त्यासाठी कानाला हेडफोन लावून बसू लागला. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूकॅसलला ‘क्वाड्रोफेनिया’च्या टेपनी घोळ घातला, तेव्हा पीट टाउनशेंड भर कार्यक्रमात ध्वनियंत्रणेवरच तुटून पडला. टेप कुणासाठी थांबत नाही, हे ती पिढी असं सोसून शिकली.

२००१ मध्ये आलेल्या एबलटन लाइव्ह या संगीत-सॉफ्टवेअरने टेपला वाकवलं. त्यातली ‘वॉर्प’ ही सोय ध्वनी ताणते किंवा आखडते, पण काळी चारचं गाणं काळी चारमध्येच राहतं. चार-पाच टक्क्यांपर्यंत कान सहसा फसतो. त्यापुढे ढोलकीची थाप भुसभुशीत होते, गळ्यातली मुरकी पाण्याखालून आल्यासारखी वाटते. तालवाद्यांसाठी, सुरांसाठी आणि मिश्रणासाठी ताणण्याच्या वेगवेगळ्या रीती त्यात आहेत. पण सगळी वाद्यं एकाच फाइलमध्ये कोंबलेली असली की मिश्रणाची रीतही जेमतेमच निभावते. ताल, सूर आणि कोरस वेगळे ठेवणाऱ्याचाच ट्रॅक ताणला तरी टिकतो.

वॉर्प बंद ठेवलं तर आवाज शाबूत राहतो, पण हिशेब चुकायला वेळ लागत नाही. १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० ठोके) चार मिनिटांचं गाणं म्हणजे ४८० ठोके. वादकांना लय दाखवणारं टक्-टक्, म्हणजे क्लिक, चुकून ११९.५ वर लागलं, तर गाणं संपेपर्यंत ते ट्रॅकच्या एक सेकंद मागे पडतं. एक सेकंद म्हणजे पुरते दोन ठोके. तेवढ्यात गायिकेची सम एकीकडे आणि कोरस दुसरीकडे. आपल्याकडच्या लहान ऑर्केस्ट्रांचा तोडगा सोपा आहे: डाव्या चॅनेलवर ट्रॅक, उजव्यावर क्लिक, आणि क्लिक फक्त वादकाच्या कानात. (केबल उलटी लागली की अख्ख्या मैदानाला टक्-टक् ऐकू येते आणि निवेदकाला विनोद सापडतो.) या तोडग्याला मी नावं ठेवणार नाही. क्लिक आणि ट्रॅक एकाच फाइलमध्ये असल्याने त्यांची फारकत होत नाही. लय बदलायची ती फाइल बनवतानाच बदलायची.

जुनी गाणी मंचावर आणताना खरी कसोटी लागते. ती क्लिकशिवाय, वादकवृंद एकत्र बसवून ध्वनिमुद्रित झाली. अंतऱ्यात लय किंचित चढते, ध्रुवपदावर सावरते. त्यांच्यावर ट्रॅक बेतायचा तर प्रत्येक समेवर मार्कर हाताने ठोकावा लागतो, कारण सॉफ्टवेअर आपणहून लावतं ते मार्कर कित्येकदा भलत्याच मात्रेला सम मानतात. मग बहुतेक जण सगळं गाणं एकाच आकड्यावर सरळ करून मोकळे होतात. लय सुधारते, झोक जातो. उलटही करता येतं: मूळ ध्वनिमुद्रणालाच म्होरक्या करून क्लिक त्याच्यामागे चालवायचं. लाइव्हमध्ये ती सोय आहे, वापरायचा आळस आहे.

यंत्राने माणसाच्या मागे जावं, हे स्वप्न मात्र चाळीस वर्षांचं झालं. १९८४ मध्ये रॉजर डॅनेनबर्ग आणि बॅरी वर्को यांनी स्वतंत्रपणे, वादकाचे सूर लिखित स्वरलिपीशी ताडून साथ करणारी प्रणाली मांडली. पॅरिसच्या इर्काम संस्थेतलं अँटेस्कोफो हे सॉफ्टवेअर याच वाटेवरचं. पण त्याला आधी लिहिलेलं संगीत लागतं. ख्यालात किंवा नाट्यपदाच्या विस्तारात ते आणायचं कुठून? दुसरी वाट ठोके ऐकण्याची. २०२१ च्या लाइव्ह ११ मध्ये आलेला ‘टेम्पो फॉलोअर’ ड्रमरचं वाजवणं ऐकून ट्रॅकची लय हलवतो. ड्रमसेटच्या ठसठशीत ठोक्यांवर ते जमतं. ठोके ऐकणाऱ्या यंत्रांची जुनी खोड म्हणजे दुप्पट किंवा निम्मी लय धरणं, आणि तबल्यावर जलद लग्गी सुरू झाली की या खोडीला रान मोकळं. शिवाय लाइव्हची किमान लय २० बीपीएम. अतिविलंबित एकतालातली एक मात्रा चार-पाच सेकंदांची, म्हणजे मिनिटाला बारा-पंधरा. तिथे मात्रेचे तुकडे करून यंत्राची समजूत घालावी लागते.

तबल्याच्या एकलवादनात ही उणीव उघडी पडते. फोनवरचा लेहरा, म्हणजे तबल्यासोबत फिरत राहणारी सुरावट, रियाजाला उत्तम. मैफलीत तो चालवला की लय एका पायरीवर ताठ उभी राहते आणि ती वाढवायला कुणीतरी पडद्यावर बोट टेकवायचं. हार्मोनियमवर लेहरा धरणारा साथीदार तबलजीच्या तिहाईचा रोख बघून पुढची लय देतो. आजचं कोणतंही सॉफ्टवेअर मी त्याच्या जागी बसवणार नाही.

बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या कॉम्पम्युझिक प्रकल्पात हिंदुस्थानी ध्वनिमुद्रणांवर सम आणि मात्रा खुणावून ठेवलेल्या आहेत. आपल्या पवईच्या आयआयटीचाही त्या प्रकल्पात सहभाग होता. म्हणजे यंत्राला ठेका शिकवायची सामग्री हाताशी आहे. पुण्या-मुंबईच्या प्रोग्रामरांनी आता एखाद्या तबलजीला शेजारी बसवून मंचावर चालेल असं साधन घडवायला घ्यावं, आणि त्याची पहिली चाचणी झपतालात घ्यावी, चार-चारच्या ठोक्यात नव्हे.