ऋणनिर्देश आणि डोंगर

विषय डोंगराचा आहे आणि मी सत्तरी ओलांडलेला माणूस. गुडघ्यांनी चढायचा अधिकार काढून घेतला, बोलायचा शिल्लक आहे, तो वापरतो.

माझ्या ओळखीचा एक तरुण लोकांना ट्रेकला नेतो. कळसूबाईच्या पायथ्याशी, बारी गावात, सगळ्यांना उभं करून तो एक निवेदन वाचतो. ही भूमी महादेव कोळी आणि ठाकर लोकांची, त्यांना वंदन, अशा अर्थाचं. ही रीत कॅनडा-ऑस्ट्रेलियातून आली. त्याने मला तो मजकूर दाखवला. हेतू चांगला आहे, मराठीही बरी आहे. तरी मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते सांगतो.

पुस्तकाच्या सुरुवातीला आपण ‘ऋणनिर्देश’ छापतो. शब्द बघा, त्यात ऋण आहे. आता बाजारातलं ऋण घ्या. उसन्या पैशाच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. पण मुदत संपायच्या आत ऋणकोने कर्ज लेखी कबूल केलं, तर १९६३च्या मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. म्हणजे कबुली दिली की धनकोच्या हातात काहीतरी येतं. म्हणून तर शहाणा ऋणको चिठ्ठी लिहून देत नाही! पायथ्याशी वाचलेल्या निवेदनाने बारीतल्या माणसाच्या हातात काय येतं? माझ्या मते काही नाही. वाचणाऱ्याचं मन मात्र हलकं होतं.

नाव घेणं व्यर्थ आहे असं मी म्हणत नाही. सह्याद्रीत आपण किल्ल्यांचा इतिहास पाठ म्हणतो, पण त्याच अकोले तालुक्यातल्या राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं, हे किती जणांना ठाऊक असतं? आणि कळसूबाई कोण? लोककथा सांगते की कळसू ही कोळ्यांची मुलगी. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, या अटीवर ती घरकामाला राहिली. अट मोडली गेली, तशी ती डोंगरावर निघून गेली. १६४६ मीटर उंचीचं, राज्यातलं सर्वांत उंच शिखर तिच्या नावाचं. आणि आपण तिथे प्लास्टिकचा केर टाकून येतो. तो कोण काढतं, हे विचारा.

आणखी एक. परदेशातली भाषा जशीच्या तशी उचलली की इथली गोष्ट निसटते. तिथे समुद्रापलीकडून आलेल्यांनी जमीन घेतली. इथे ती मुख्यतः कागदाने गेली, १८७८ आणि १९२७च्या वनकायद्यांनी. पुढे १९८६ साली हा परिसर अभयारण्य झाला. आणि आपल्याकडे कबुली आधीच लिहिलेली आहे, तीही संसदेने. २००६च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्द आहेत. पुढे दावा कसा करायचा, तो ग्रामसभेपासून कसा सुरू होतो, हेही त्यात आहे. ही खरी चिठ्ठी. तिच्या आधारे धनको दारात उभा राहू शकतो.

ऑस्ट्रेलियाचंच बघायचं तर उलुरू बघा. १९८५ साली तो खडक अनंगू लोकांच्या मालकीत परत गेला. त्यांनी तो राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. वर चढू नका, असं ते सांगत राहिले, लोक चढत राहिले. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९पासून चढाई बंद झाली. वंदन करणाऱ्यांना तिथे ‘नाही’ ऐकावं लागलं. नकार द्यायची सोय ज्यात नाही, त्या आदराला मी आदर म्हणायला कचरतो. अर्थात बारीच्या लोकांना ट्रेकर नकोच असतील असं नाही. जेवणं, मुक्काम, वाटाड्याचं काम यावर घरं चालतात. पण तंबू कुठे लागतील, पाणी किती उपसायचं, हे ठरवताना गाव बैठकीत असतं का?

आता घरचं बोलू. आपल्या हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी-औंढ्याकडच्या टेकड्यांत आंध समाजाची गावं आहेत. आपल्याकडे उंच शिखरं नाहीत, त्यामुळे हा प्रश्न आपला नाही असं वाटतं. परवा दोन मुलं आली, ‘सर, कळमनुरीकडे डोंगरवाट आखतोय, सुरुवातीला वाचायला दोन ओळी लिहून द्या.’ मी म्हटलं, गावात कुणाला विचारलंत? ती एकमेकांकडे बघू लागली. मग एक म्हणाला, ‘सर, वाट तर मोबाईलमध्ये दिसतेच.’

ओळी मी अजून लिहून दिलेल्या नाहीत.