एकगीती कलावंत : मोजणी, नाव आणि गाण्यामागची कथा

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या व्यवहारात ‘वन हिट वंडर’ ही संज्ञा इतकी रुळली आहे की ती वर्णन आहे की निवाडा, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. एकच गाणे गाजले आणि त्यानंतर गायक विस्मृतीत गेला, एवढा तिचा रूढ अर्थ. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘एकगीती’ हा शब्द योजला आहे. आपल्याकडील ‘एकपुस्तकी लेखक’ या समासाशी त्याचे नाते उघड आहे, आणि त्या समासातील किंचित तुच्छताही त्यात उतरली आहे.

वेन जॅन्सिक यांनी १९९० मध्ये या प्रकारच्या कलावंतांचा एक कोशच प्रसिद्ध केला. अशा संकलनांचा निकष सर्वसाधारणपणे यांत्रिक असतो : अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या यादीत पहिल्या चाळिसांत ज्याचे एकच गाणे पोचले, तो एकगीती. हा निकष काटेकोरपणे लावला तर जिमी हेंड्रिक्सही एकगीती ठरतो. १९६८ साली विसाव्या क्रमांकावर पोचलेले ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ हे त्याचे त्या चाळिसांतील एकमेव गाणे, आणि तेही मुळात बॉब डिलनचे. विद्युत गिटारीच्या वादनाची भाषाच ज्याने बदलली त्याला हे बिरूद लावणे हास्यास्पद वाटते, म्हणून कोणी ते लावत नाही. परंतु जो कलावंत परभाषेतून आलेला असतो, त्याच्या बाबतीत मात्र हा संकोच कोणाला होत नाही. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाची उत्सुकता येथे जागी व्हावयास हवी. एक ही संख्या गाण्यांची असते की मोजणाऱ्याच्या दृष्टीच्या पल्ल्याची?

डेव्हिड डॅमरॉश यांनी २००३ मधील आपल्या ग्रंथात, मूळ संस्कृतीच्या सीमेबाहेर फिरणाऱ्या कृती, मग त्या अनुवादातून फिरोत वा मूळ भाषेतून, अशी विश्वसाहित्याची मांडणी केली. या मांडणीचा एक अनुषंग असा की, कृती सीमा ओलांडते तेव्हा कर्ता तिच्यासोबत ओलांडेलच असे नाही. मराठी वाचकाला याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. १९७७ मध्ये राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळवणाऱ्या ‘जेजुरी’मुळे अरुण कोलटकर इंग्रजी वाचकांना ठाऊक झाले, आणि २००४ पर्यंत त्या वाचकांच्या लेखी ते बव्हंशी एकाच पुस्तकाचे कवी होते. त्याच १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह निघाला होता, ही गोष्ट त्या हिशेबात कोठेच नव्हती.

आता ज्या गाण्याभोवती हा लेख फिरतो त्याकडे वळू. १५ जून १९६३ या तारखेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत पहिल्या क्रमांकावर एक जपानी गाणे आले आणि तीन आठवडे तेथे राहिले. गायक क्यू साकामोतो. मूळ शीर्षक ‘उए ओ मुइते आरुको’. ‘वर पाहत चालू या’ असा त्याचा ढोबळ अर्थ. गाण्यातील माणूस एकटा चालला आहे आणि डोळ्यांतले पाणी खाली सांडू नये म्हणून मान वर करून चालला आहे. अमेरिकेत मात्र ते ‘सुकियाकी’ या नावाने विकले गेले. सुकियाकी हे गोमांसाचे पातळ काप आणि भाज्या सोया व साखरेच्या रसात शिजवून केलेले एक पक्वान्न. गाण्यात त्याचा उल्लेखही नाही. हे बारसे ब्रिटनमध्ये झाले. पाय या ध्वनिमुद्रिका कंपनीचे लुई बेंजामिन यांनी ही चाल जपानमध्ये ऐकली, केनी बॉल यांच्या जॅझ वाद्यवृंदाकडून ती वाजवून घेतली, आणि मूळ नाव श्रोत्यांना उच्चारता येणार नाही म्हणून एक ओळखीचा जपानी शब्द तिला चिकटवला. साकामोतोची मूळ जपानी मुद्रिका पुढे निघाली ती याच नावाने. ‘न्यूजवीक’मधील एका लेखकाने तेव्हाच शेरा मारला होता की, हे म्हणजे ‘मून रिव्हर’ हे गाणे जपानमध्ये ‘बीफ स्ट्यू’ म्हणून विकण्यासारखे आहे. विनोद नेमका आहे; पण अनुवादशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे अनुवाद झालाच नाही, एका अपरिचित परकेपणाच्या जागी परिचित परकेपणा बसवला गेला. ग्राहक संस्कृतीला जपानीपण हवे होते, ते तिने स्वतःच्या ताटातून उचलले.

गाण्यामागची कथा आता अनेकदा सांगितली गेली आहे. गीतकार रोकुसुके एइ १९६० मधील जपान-अमेरिका सुरक्षा कराराविरुद्धच्या निदर्शनांत सहभागी झाले होते. त्या आंदोलनात १५ जून १९६० रोजी जपानी संसदेच्या आवारातील चकमकीत टोकियो विद्यापीठाची विद्यार्थिनी मिचिको कान्बा मरण पावली. आयझेनहॉवर यांचा नियोजित दौरा रद्द झाला, पंतप्रधान किशी पायउतार झाले, पण १९ जूनला करार आपोआप मंजूर झाला. पराभूत निदर्शनांतून घरी परततानाची विषण्णता एइ यांच्या शब्दांत उतरली, हाचिदाई नाकामुरा यांनी तिला चाल दिली, आणि १९६१ मध्ये साकामोतोच्या आवाजात ती जपानभर पोचली. अमेरिकेशी झालेल्या कराराविरुद्धच्या पराभवातून जन्मलेले हे गाणे, कान्बाच्या मृत्यूला बरोबर तीन वर्षे पूर्ण होत असताना, त्याच अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले, आणि तेही एका पक्वान्नाच्या नावाने. गायकाचा जन्म १० डिसेंबर १९४१ चा, म्हणजे पर्ल हार्बरनंतरच्या दोनतीन दिवसांतला. इतिहास कधी कधी असे योग जुळवतो की समीक्षकाला ते वापरण्याची लाज वाटावी.

ती लाज मला एकदा वाटलीही. काही वर्षांपूर्वी अतिथी प्राध्यापक म्हणून शिकवत असताना वर्गात मी ही कथा मोठ्या आवेशाने सांगितली आणि निष्कर्ष काढला की, अमेरिकन श्रोत्याने गाण्याचा गाभाच गमावला. वर्गात जपानी शिकणारी एक विद्यार्थिनी होती. तिने शांतपणे विचारले, “सर, पण गाण्याच्या शब्दांत करार कुठे आहे?” नाही, तो नाही. शब्दांत एकटेपण आहे, रात्र आहे, ऋतू आहेत. निदर्शने नाहीत, अमेरिका नाही. एइ यांनी आपले दुःख मुद्दाम इतके सामान्य करून ठेवले की ज्याच्या मनात आंदोलन होते त्याला ते आंदोलनाचे वाटले आणि ज्याच्या मनात प्रेमभंग होता त्याला प्रेमभंगाचे. १९६३ च्या ज्या अमेरिकन श्रोत्याला जपानीचा एकही शब्द कळत नव्हता, त्यालाही यात कोणीतरी रडू आवरते आहे एवढे कळले असणार. शिवाय या गाण्याचा एक भाग चक्क शीळ आहे. शिळेला अनुवाद लागत नाही.

तेव्हा माझ्या त्या व्याख्यानातील भूमिका मला दुरुस्त करावी लागते. ‘गाण्यामागची कथा’ म्हणजे गाण्याचा दडलेला अर्थ नव्हे. ती स्वतंत्र संहिता आहे, तिचा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, आणि सीमा ओलांडताना गाण्याचा जो परिसर मागे राहिला त्याची भरपाई म्हणून ती मागाहून रचली जाते. परिचित परिसरात गाण्याला अशी कथा लागत नाही. म्हणूनच या कथेचीही चिकित्सा व्हावयास हवी : ती कोण सांगतो आणि तिच्याने कोणता अवकाश भरला जातो? साकामोतोच्या बाबतीत पाश्चात्त्य कथनाला पुढे आणखी एक शेवट मिळाला. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सच्या ज्या विमानाला अपघात होऊन ५२० जण दगावले, त्यात साकामोतोही होता. वय अवघे ४३. तेव्हापासून अनेक पाश्चात्त्य लेखांत गाणे, गमतीदार नाव आणि अपघाती मृत्यू या तीन मुद्यांत एक आयुष्य आटोपते.

मधल्या बावीस वर्षांचे काय? जपानमध्ये त्याची इतर गाणीही गाजली. चित्रपट आणि दूरचित्रवाणीवर तो घराघरांत पोचलेला चेहरा होता. अमेरिकेत मात्र दुसरे गाणे म्हणून त्याचे ‘चायना नाइट्स’ बाजारात आले आणि ५८ व्या क्रमांकावर थांबले. ही निवडच बोलकी आहे. ‘शिना नो योरु’ हे मुळात १९३८ चे, म्हणजे जपानने चीनवर आक्रमण केले त्या काळातले गाणे. युद्धोत्तर काळात जपानमध्ये राहून गेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या ते कानावरून गेलेले होते. बाजाराला साकामोतोचे दुसरे गाणे नको होते, आपल्याच आठवणीतले जपान पुन्हा एकदा हवे होते. ‘त्याला दुसरे यश मिळाले नाही’ हे विधान व्याकरणदृष्ट्या साकामोतोविषयी आहे. वस्तुतः ते श्रोत्यांविषयी आहे.

नेना या जर्मन गायिकेचे १९८३ मधील ‘नॉयनउंडनॉयन्त्सिग लुफ्टबालोन्स’ याला थोडे वेगळे वळण मिळाले. १९८४ मध्ये ते अमेरिकेत जर्मन भाषेतच दुसऱ्या क्रमांकावर गेले आणि ब्रिटनमध्ये इंग्रजी रूपात पहिल्या. वादक कार्लो कार्गेस याला पश्चिम बर्लिनमधील रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात सोडलेले फुगे पाहून हे सुचले, अशी त्यामागची कथा. फुगे शत्रू समजले जातात आणि युद्ध पेटते हे कथानक येथे गाण्यातच असल्यामुळे परिसर फारसा मागे राहिला नाही. इंग्रजीत फुग्यांना ‘लाल’ हे विशेषण लागले एवढेच. शीतयुद्धाच्या दिवसांत तो रंग निरागस राहणे कठीण होते. नेना आपल्या देशात पुढेही गात राहिली, नव्या शतकात पुन्हा लोकप्रिय झाली. अमेरिकन याद्यांत ती आजही एकगीतीच आहे.

याहून दाहक प्रकरण आहे ‘दोमिनिक’चे. १९६३ च्या डिसेंबरात, केनेडींच्या हत्येनंतर अवघ्या पंधरवड्यात, हे फ्रेंच गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आले. ते गाणारी जानीन देकेर्स ही वॉटर्लूजवळील फिशरमाँच्या मठातील बेल्जियन जोगीण. संत डोमिनिक आणि त्याने पाखंडी मानलेल्या आल्बिजन्सियन पंथीयांशी दिलेला लढा हा गाण्याचा विषय. शोकाकुल अमेरिकेने त्यातला धार्मिक संघर्ष नव्हे, तर एक निर्मळ बायकी आवाज आणि गिटार ऐकली. शब्द, चाल आणि आवाज तिघेही तिचेच. फक्त नाव तिचे नव्हते. मुद्रिकेवर ‘सर सुरीर’, म्हणजे ‘हसरी भगिनी’, असे टोपणनाव होते आणि अमेरिकेत नुसतेच ‘गाणारी जोगीण’. १९६६ मध्ये ती मठ सोडून बाहेर पडली, तेव्हा ही दोन्ही नावे तिला वापरता येईनात. ती मुद्रिका कंपनीच्या मालकीची होती. मग तिने ‘ल्युक दोमिनिक’ या नावाने गाणी काढली. त्यांत संततिनियमनाच्या गोळीबद्दल देवाचे आभार मानणारे एक होते आणि ‘हसरी भगिनी’ मरण पावल्याचे जाहीर करणारेही एक होते. कोणी फारशी ऐकली नाहीत. पुढे बेल्जियमच्या करखात्याने जुन्या उत्पन्नावर कर मागितला. पैसा मठाला दिल्याचे तिचे म्हणणे होते, पण पावत्या नव्हत्या. १९८२ मध्ये तिने तेच ‘दोमिनिक’ नव्या यांत्रिक तालावर पुन्हा गाऊन पाहिले. २९ मार्च १९८५ रोजी तिने व तिच्या सहचरीने आत्महत्या केली.

हिला एकगीती म्हणायचे असेल तर निदान एवढे नोंदवावे लागेल की, दुसरे गाणे ज्या नावाने ऐकले गेले असते ते नावच तिच्याकडून काढून घेतलेले होते. एकगीतीपण येथे प्रतिभेच्या आटण्याने आलेले नाही; करारातील एका अटीने आले आहे. आणि ही बाब तिच्या ‘कथे’त सहसा येते ती करुण तपशील म्हणून, कारण म्हणून नव्हे.

नावाचा प्रश्न निघालाच आहे तर एक अवांतर. आकाशवाणीवर मराठी भावगीते ऐकत वाढलेल्या पिढीला गाण्याआधी कवी, संगीतकार आणि गायक अशी तीन नावे ऐकण्याची सवय असते. एकट्या गायकाचे नाव घेतले तर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. जपानी स्मृतीतही हे गाणे तिघांचेच आहे. रोकु म्हणजे सहा, हाचि म्हणजे आठ, क्यू म्हणजे नऊ; रोकुसुके, हाचिदाई आणि क्यू यांना जपानी रसिक ‘सहा-आठ-नऊ’ त्रिकूट म्हणून ओळखतात. अमेरिकन मोजणीत या तिघांतून एक उरला आणि त्याच्या गाण्यांतूनही एक. १९८१ मध्ये ‘अ टेस्ट ऑफ हनी’ या गटाने याच चालीवर इंग्रजी विरहगीत गाऊन तिसरा क्रमांक गाठला. शब्द सर्वस्वी नवे होते, शीर्षक मात्र ‘सुकियाकी’च.

मार्च २०११ मधील भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानमध्ये अनेक कलावंतांनी मिळून ‘वर पाहत चालू या’ पुन्हा गायिले. त्याच्याही दहा वर्षे आधी, २००१ मध्ये, साकामोतोचे १९६३ मधील दुसरे एक गाणे, ‘आशिता गा आरु सा’, म्हणजे ‘उद्या आहे की’, नव्या गायकांच्या आवाजात जपानभर गाजले होते. चाल त्याच नाकामुरांची होती.