अँटवर्पचा चित्रकार हेंद्रिक लाइस

ऐतिहासिक चित्र म्हटलें कीं रणांगण, उगारलेल्या तरवारी आणि उधळलेले घोडे सामान्य रसिकाच्या डोळ्यांसमोर उभे राहतात. बेल्जममधील अँटवर्प शहराच्या टाउन-हॉलांत हेंद्रिक लाइस ह्यानें जीं प्रचंड भित्तिचित्रें रंगविलीं, त्यांत ह्यांपैकीं फारसें कांहीं नाहीं. माणसें नुसतीं उभीं आहेत. कोणी एक बोलतो, बाकीचे ऐकतात. हीं चित्रें ताठर आहेत, जुन्याचें अनुकरण आहेत, असा आक्षेप घेण्यांत येतो. त्या आक्षेपाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लाइस १८१५ सालीं अँटवर्प येथेंच जन्मला. १८३० सालीं बेल्जम स्वतंत्र झाला. नव्या राष्ट्राला पूर्वजांच्या पराक्रमाचीं चित्रें हवीं होतीं, आणि लाइसनेंहि आरंभीं लढाया व कत्तली मोठ्या आवेशानें रंगविल्या. पुढें रेम्ब्रांटादि डच चित्रकारांपासून तो छायाप्रकाशाचा खेळ शिकला. परंतु १८५२ सालच्या जर्मनीच्या प्रवासांत ड्यूरर, क्रानाख ह्या सोळाव्या शतकांतील चित्रकारांच्या कृति पाहून त्यानें आपली लोकप्रिय झालेली शैली सोडून दिली. स्पष्ट बाह्यरेषा आणि स्थिर आकृति ह्यांचा त्यानें अंगीकार केला. नांव झालेल्या चित्रकारानें सदतिसाव्या वर्षीं पुन्हा विद्यार्थी व्हावें, ह्याला धैर्य लागतें. १८५५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत त्याला सन्मानपदक मिळालें.

आपल्या घराच्या भोजनगृहाच्या भिंती त्यानें प्रथम रंगविल्या. १८६१ सालीं टाउन-हॉलचें काम आलें, आणि १८६९ सालीं तो मरण पावला तोंवरचीं बहुतेक वर्षें त्यांतच गेलीं. विषय शहराच्या जुन्या हक्कांचे आहेत. पुढें सम्राट झालेला चार्लस ते हक्क पाळण्याची शपथ घेतो. १५४१ सालीं जिनोआच्या पालाविचीनीला नागरिकत्व मिळतें. व्हान उर्सेल नागरिकांच्या शिबंदीला शहराच्या रक्षणासाठीं आवाहन करतो. पार्माची मार्गरेट शहराच्या किल्ल्या नगराधिकाऱ्यांच्या स्वाधीन करते.

हक्क शब्दानें दिला जातो व साक्षीदारांसमोर घेतला जातो. लाइसचीं तटस्थ माणसें हे साक्षीदार होत. तीं हातवारे करूं लागतीं तर शपथेचें गांभीर्यच नाहींसें झालें असतें. शिवाय प्रदर्शनांतील चित्र आपण घटकाभर पाहतों, पण टाउन-हॉलच्या भिंतीजवळ पिढ्यानपिढ्या वावरावयाचें असतें. नित्य आरडाओरडा करणारें चित्र तेथें कोणाला सोसेल?

लाइस निर्दोष आहे असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. वस्तूच्या स्वरूपाविषयीं तो फार कडक होता. त्याच्या हाताखालीं काम करणाऱ्या आल्मा-टाडेमा ह्या तरुणाच्या चित्रांतील संगमरवर पाहून, हा पनिरासारखा दिसतो, असें त्यानें सुनावलें. तोच तरुण पुढें संगमरवर रंगविण्यासाठींच इंग्लंडांत विख्यात झाला! पण वस्त्रें व शस्त्रें ह्यांवर लाइसची जितकी मेहनत दिसते, तितकी चेहऱ्यांतील भावावर दिसत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

तथापि स्वतंत्र झालेल्या लोकांनीं आपल्या सार्वजनिक भिंतींवर लढाई रंगवावी कीं शपथ, ह्या प्रश्नाचें त्यानें दिलेलें उत्तर विचारी वाचकांनीं ध्यानांत घ्यावें, असें आम्हांस वाटतें.