परीक्षेबाहेरचा लंपन

के. आर. पुरममधल्या आमच्या घरात माझी चौदा वर्षांची मुलगी कानडी रस्त्यावरून आणते, इंग्रजी शाळेतून आणि मराठी आजीच्या फोनवरून. लहानपणी ती हाताला लागेल ते वाचायची. सातवीनंतर ते थांबलं. दोष मोबाइलचा, असं मी म्हणत आलो. पण मराठी पुस्तक देताना मी दर वेळी सोबत एक कामही द्यायचो: अवघड शब्द लिहून काढ, आजीला सारांश सांग.

या उन्हाळ्यात प्रकाश नारायण संत यांचा ‘वनवास’ तिनेच कपाटातून काढला. मी काही बोललो नाही.

लंपनच्या कथांच्या चार संग्रहांतला हा पहिला. आईवडिलांपासून दूर आजीआजोबांकडे वाढणारा मुलगा, सीमाभागातलं गाव, मराठीत सहज मिसळणारं कानडी. आमच्या पिढीने हे पुस्तक हरवलेल्या बालपणाची हुरहुर म्हणून वाचलं. तिचं वाचन वेगळं निघालं. कानडी शब्दांना मी अडखळायचो, तिथे ती आधीच हसलेली असायची. ज्या सरमिसळीबद्दल आजी तिला टोकते, तीच इथे दिमाखात छापलेली होती. लंपनचा ‘मॅड’ आणि त्याचे फुगवलेले आकडे घरात ऐकू येऊ लागले. सुमीविषयी त्याला जे वाटतं, त्याला तो नाव देऊ शकत नाही. संतही देत नाहीत. मोठ्यांना ते गोड वाटतं. चौदाव्या वर्षी ती आठवण नसते, रोजचं जगणं असतं.

संतांचं बळ मला इथे दिसतं. त्यांनी किशोरांना समोर बसवून लिहिलं नाही, म्हणून या कथा कुणाला शिकवायला जात नाहीत. अर्थात घटना कमी, वर्णनं लांब. साहसाची ओढ असलेल्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेच जवळचा. तिनेही पानं गाळली. फ्रेंच लेखक डॅनिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले. पानं गाळण्याचा हक्क त्यांत आहे, मुळात न वाचण्याचाही आहे. घरात तो मान्य करणं बापाला जड जातं.

परवा व्हाइटफील्डला जाताना मेट्रोत तिने ‘शारदा संगीत’ उघडलं. कुठवर आलीस, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.