‘स्ट्राँग’ या शब्दाचा शेजार

इंग्रजी शब्द ‘येतो’ असे विद्यार्थी म्हणतो तेव्हा बहुधा त्याला त्या शब्दाचा मराठी प्रतिशब्द येत असतो. ‘स्ट्राँग’ हे विशेषण याचे बोलके उदाहरण होय. माणूस बळकट, दोर मजबूत, पुरावा भक्कम, वारा जोराचा आणि चहा कडक. मराठीत पाच विशेषणे आपापली नामे सांभाळून असतात, तेथे इंग्रजीला एकच पुरते. येथवर अडचण नाही. अनेकांकडून एकाकडे जाणे सोपेच असते. अडचण पडते ती पावसापाशी. मराठीत वारा जोराचा तसाच पाऊसही जोराचा, तापही जोराचा. इंग्रजीत मात्र वारा ‘स्ट्राँग’, पाऊस ‘हेवी’ आणि ताप ‘हाय’. ‘स्ट्राँग रेन’ लिहिणाऱ्याचे व्याकरण चुकलेले नसते, अर्थही समजतो. परीक्षक तांबडी रेघ ओढतो व कारण विचारल्यास ‘असे म्हणत नाहीत’ एवढेच सांगतो. उत्तर खरे आहे. ते अध्यापन मात्र नव्हे.

हे ‘म्हणत नाहीत’ शास्त्राच्या कक्षेत आणण्याचे बरेचसे श्रेय फर्थ यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या सहप्रयोगाच्या संकल्पनेस द्यावे लागते. पुढे हॅलिडे यांनी १९६६ च्या निबंधात नेमका हाच शब्द घेतला: चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो, मोटार ‘पॉवरफुल’ असते, युक्तिवादाला दोन्ही चालतात. विवेचन मार्मिक आहे, तथापि ते एका भाषेच्या कुंपणाआतले आहे. मराठी विद्यार्थी ‘पॉवरफुल टी’ लिहिण्याचा संभव थोडाच. ‘स्ट्राँग चहा’ त्याने उपाहारगृहात ऐकलेला असतो! त्याची चूक इंग्रजीतील दोन समानार्थी शब्दांमुळे होत नाही, ‘जोराचा’ या मराठी शब्दाच्या व्याप्तीमुळे होते.

कोशांकडे वळावे तर कँडी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशापासून चालत आलेल्या पद्धतीत प्रतिशब्दांची रांग मिळते. कोणता शब्द कोणत्या नामाजवळ बसवावा, हे वाचकाने ताडायचे. हॉर्नबी प्रभृतींचा १९४२ चा कोश प्रयोग दाखवतो, क्रियापदांची वाक्यरचना तर फार कसोशीने दाखवतो. पण इंग्रजीतूनच इंग्रजी सांगणाऱ्या कोशाला मराठी ‘जोराचा’ ठाऊक असण्याचे कारण नाही. ‘हेवी’ हे विशेषण ‘रेन’खाली शोधावे, हे विद्यार्थ्याला कोणी सांगितलेले नसते, तो ‘स्ट्राँग’खालीच पाहतो आणि वाऱ्याच्या उदाहरणावरून पाऊस पाडतो. मोल्सवर्थ यांच्या १८५७ च्या आवृत्तीत मराठी वाक्प्रयोग विपुल आहेत खरे, परंतु त्यांची योजना मराठी शिकणाऱ्या इंग्रजासाठी होती. ‘जोराचा’ या नोंदीखाली वारा, पाऊस, ताप ही नामे वेगवेगळी मांडून प्रत्येकासमोर त्याचे इंग्रजी विशेषण देणारा कोश उलट दिशेने निघालेल्या वाचकाला हवा आहे.